‘जित्याची खोड’ आणि तिचा इतिहास

१९९१ सालची गोष्ट आहे. सोलापूर जिल्ह्यातील एका शाळेत मी तेव्हा सातवीला इतिहास शिकवीत होतो. वर्गात एका मुलाची कंपासपेटी हरवली आणि कोणी काही बोलण्याआधीच सगळ्यांच्या माना एका बाकाकडे वळल्या. त्या बाकावर बसणाऱ्या मुलाची आजी सेटलमेंटच्या तारेच्या आत वाढलेली होती, आणि हे साऱ्या वर्गाला ठाऊक होते. दप्तराची झडती झाली. पेटी सापडली नाही. मुलगा उठला, त्याने खिडकीची काच मुठीने फोडली आणि रक्ताळलेला हात तसाच धरून तो उभा राहिला. पुढे तीन दिवस तो कोणाशी अक्षरही बोलला नाही.

शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी दोन मते पडली. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.’ दुसरे, ज्यांनी बी.एड.ला मानसशास्त्र मन लावून वाचले होते, ते म्हणाले, ‘हा व्यक्तिमत्त्वाचाच दोष आहे, पुढे हा मुलगा समाजविघातक निघणार.’ पहिल्याची भाषा जुनी, दुसऱ्याची नवी. निकाल मात्र एकच. मी दोघांशी वाद घातला, आणि मग मुलाला बाजूला घेऊन सांगितले, ‘राग आवरायला शीक.’ आपण काहीतरी पुरोगामी केले असे मला वाटले होते. राग आवरणे ही कशी येते, कोणाला शिकवली जाते आणि कोणाकडून सक्तीने करवून घेतली जाते, याचा विचार मी तोवर केलेला नव्हता. तो विचार करता करता मी ज्या इतिहासापाशी जाऊन पोहोचलो, तो येथे मांडीत आहे.

प्रारंभ १८७१ पासून करावा लागतो. त्या वर्षी इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. या कायद्याचे समर्थन करताना जो युक्तिवाद झाला तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. या देशात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार; तेव्हा गुन्हा हाही काही जातींचा पिढीजात धंदा असलाच पाहिजे, असे ते तर्कशास्त्र. इटलीच्या लोंब्रोसोने ‘जन्मजात गुन्हेगारा’चा सिद्धान्त मांडला तो १८७६ साली, म्हणजे पाच वर्षांनंतर. इंग्रज अधिकाऱ्यांना त्याची वाट पाहावी लागली नाही. स्वभाव जन्माने ठरतो ही कल्पना त्यांना विलायतेहून आणण्याची गरजच नव्हती. ती येथे मनूच्या दुकानात तयार मिळत होती. ‘खाण तशी माती’ ही आपली म्हणच पुरेशी होती.

या कायद्यातील हजेरी, परवाने, तारेचे कुंपण यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. एका कलमाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. १८९७ च्या दुरुस्तीने सरकारला असा अधिकार दिला, की ‘न सुधारणाऱ्या’ आईबापांपासून चार ते अठरा वर्षांची मुले तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवावीत. पुढच्या कायद्यात खालची मर्यादा सहा वर्षांवर आली, अधिकार कायम राहिला. गंमत पाहा. गुन्हा रक्तातच असेल तर मुलाला आईपासून तोडून काय उपयोग? आणि तो संगतीने लागत असेल तर जन्मतःच नोंद कशासाठी? सत्तेला या विसंगतीची कधी लाज वाटली नाही. रक्ताचा सिद्धान्त नोंदणीसाठी आणि संगतीचा सिद्धान्त मुले काढून घेण्यासाठी, असा दोन्ही हातांनी तो वापरला गेला.

त्या मुलाच्या आजीला मी पुढे भेटलो. ती लहानपणी सेटलमेंटच्या बोर्डिंगात होती. मी विचारले, ‘आजी, आईची आठवण यायची का?’ ती म्हणाली, ‘पयल्यांदा लई रडले, गुरुजी. मग कळलं, रडून कुनी येत न्हाई. मग रडूच येईना.’ थोडे थांबून म्हणाली, ‘बाई म्हनायच्या, पोरगी आता सुदरली.’

आजी हे सांगत होती तो काळ १९३० नंतरच्या दशकातला. नेमक्या त्याच दशकात, १९३६ ते १९३९ या वर्षांत, लंडनच्या एका बालमार्गदर्शन चिकित्सालयात जॉन बोल्बी नावाचा तरुण डॉक्टर चोऱ्या करणाऱ्या मुलांना तपासत होता. त्याचा निबंध १९४४ साली प्रसिद्ध झाला. चोरी करणारी ४४ मुले आणि त्याच चिकित्सालयात आलेली पण चोरी न करणारी ४४ मुले अशी त्याने तुलना केली. चोरी करणाऱ्यांपैकी १४ मुले त्याला विशेष वाटली. त्यांना कोणाविषयी माया नव्हती, शरम नव्हती. या चौदांपैकी १२ मुले लहानपणी दीर्घकाळ आईपासून दुरावलेली होती. चोरी न करणाऱ्या ४४ मुलांत अशी मुले केवळ दोन निघाली. पुढे त्याच्याच सहकाऱ्याने, जेम्स रॉबर्टसनने, रुग्णालयात एकटी ठेवलेली मुले पाहिली. आधी आक्रोश, मग निराशा, आणि शेवटी एक विलक्षण शांतता. परिचारिकांना वाटे, मूल रुळले. रॉबर्टसनने १९५२ साली चित्रपट काढून दाखविले की ते मूल रुळलेले नाही, त्याने आशा सोडलेली आहे.

म्हणजे चोरीचा ‘स्वभाव’ मोडण्यासाठी सरकार सोलापुरात मुले आईपासून तोडीत होते, आणि त्याच साम्राज्याच्या राजधानीत एक डॉक्टर लिहीत होता की चोराचा स्वभाव घडतो तो मूल आईपासून तोडल्याने. या दोन कागदांची गाठ कधी पडली नाही. पडली असती तरी काही झाले असते असे मला वाटत नाही. बोल्बीची मुले लंडनची होती.

बोल्बीचे सगळेच मान्य करावे असे मी म्हणत नाही. त्याची मुले थोडी होती, तपासणारा तोच आणि निष्कर्ष काढणाराही तोच. मायकेल रटरने १९७२ साली त्याच्या सिद्धान्ताची कसून फेरतपासणी केली आणि दाखविले की नुसत्या दुराव्यापेक्षा घरातील भांडण, दारिद्र्य, आणि मुळात कोणाशीच नाते न जडणे या गोष्टींचे परिणाम वेगळे व अधिक गंभीर असू शकतात. शिवाय बोल्बीच्या सिद्धान्ताचा एक दुरुपयोग असा झाला की सारा दोष आईच्या पदरात पडला. आपल्या आया तान्ह्या पोरांना बांधावर झोळीत टाकून पाटलाच्या रानात खुरपत होत्या. त्या झोळीसाठी आईला जबाबदार धरायचे, आणि रान कोणाचे हे विचारायचेच नाही, असे मानसशास्त्र आपल्याला नको आहे.

आता दुसऱ्या सहकाऱ्याच्या शब्दाकडे येतो. ‘व्यक्तिमत्त्व-विकार’ या संज्ञेलाही वंशावळ आहे. १८९१ साली जर्मनीत कॉख नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने वेडा नसलेल्या पण ‘बिघडलेल्या’ माणसांसाठी जो शब्द योजला, त्यात ‘हीनता’ हा शब्दच होता. १९२३ मध्ये कुर्ट श्नायडरने त्याला थोडे सभ्य रूप दिले. १९३८ साली न्यूयॉर्कच्या अ‍ॅडॉल्फ स्टर्नने काही रुग्णांना ‘सीमारेषेवरचे’ म्हटले, कारण ते ना पुरते वेडे होते ना नेहमीच्या उपचारांनी बरे होत होते. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत हा ‘बॉर्डरलाइन’ विकार दाखल झाला. आज त्याची नऊ लक्षणे मानतात. त्यांतील पाच आढळली तर निदान होते. नऊपैकी एक लक्षण म्हणजे ‘अनुचित, तीव्र राग’.

अनुचित कोणाच्या लेखी? १८५१ साली अमेरिकेत लुइझियानाच्या कार्टराइट नावाच्या डॉक्टरने मळ्यावरून पळून जाणाऱ्या गुलामांना एक रोग जडतो असे जाहीर केले आणि त्या रोगाला ग्रीक नावही दिले. पळावेसे वाटणे हाच रोग. हे उदाहरण आज हास्यास्पद वाटते, पण कार्टराइट हा भोंदू नव्हता, पदवीधर डॉक्टर होता.

येथवर वाचून आमचे काही तरुण कार्यकर्ते म्हणतील, तर मग हे सगळे थोतांडच आहे. नाही. माझा मतभेद येथेच आहे. ज्यांच्या भावना क्षणात उसळतात आणि तासन्‌तास खाली येत नाहीत, ज्यांना नाते टिकवता येत नाही, जे स्वतःच्याच हातावर पाते चालवतात, त्यांचे दुःख खरे आहे. त्याला नाव नाकारल्याने ते कमी होत नाही. या विकाराच्या उपचारात सर्वांत मोठे काम मार्शा लिनेहान या बाईंनी केले. १९९३ साली त्यांचा ग्रंथ आला, आणि २०११ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले की कोवळ्या वयात त्या स्वतःच अशा अवस्थेत रुग्णालयात बंद होत्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. काही मुले जन्मतःच हळव्या कातडीची असतात. भावना लवकर पेटते, जोरात पेटते, सावकाश विझते. हा झाला शरीराचा भाग. अशा मुलाला जर असे भोवताल मिळाले की जेथे त्याच्या प्रत्येक अनुभवाला ‘तुला तसे वाटतच नाही’, ‘तुझेच चुकते’ असे उत्तर मिळते, तर आपल्याला काय होते आहे हेच त्याला ओळखता येत नाही. मग आवरणार काय? हळवे शरीर आणि नाकारणारे भोवताल यांच्या झटापटीतून विकार घडतो, नुसत्या एकातून नव्हे.

लिनेहानबाईंच्या डोळ्यांसमोर मुख्यतः कुटुंब होते. माझ्या डोळ्यांसमोर १९०१ सालचा एक प्रवास येतो. नऊ वर्षांचे भीमराव आपल्या भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले होते. मसूर स्टेशनवर स्टेशनमास्तरला जात कळताच त्याचा चेहरा बदलला, गाडीवान मिळेना, मिळाला तो दुप्पट भाड्यावर आणि तेही मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर. डबा सोबत होता, पण पाणी नव्हते. रात्री जकात नाक्यावर गाडीवानाच्या सल्ल्याने मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगितले, तरीही पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी ही हकीकत ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या टिपणांत तीन दशकांनंतर लिहिली, आणि तासांचे हिशेबही त्यांना पाठ होते. येथे मुलाची तहान खरी आहे, भीती खरी आहे, आणि साऱ्या जगाचे उत्तर एकच की तुला ती लागण्याचा हक्क नाही. नाकारणारे भोवताल म्हणतात ते हेच. फक्त त्याला घराच्या भिंती नाहीत, ते स्टेशनापासून नाक्यापर्यंत पसरलेले आहे.

मग बाबासाहेब कोलमडले का नाहीत, असे मला विद्यार्थी विचारतात. त्यांच्या अंगच्या बुद्धीचे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. आई लवकर गेली तरी मीराआत्या होती. पुस्तकासाठी मुलीचे दागिने गहाण टाकणारे रामजी सुभेदार होते. ज्या मुलांवर फार आघात होतात त्यांच्यातली काही तगतात, आणि तगणाऱ्यांच्या मागे बहुधा निदान एक भरवशाचे मोठे माणूस असते, हे आता मानसशास्त्रात सर्वमान्य झाले आहे. सगळ्याच मुलांना रामजी सुभेदार मिळत नाहीत, म्हणून शाळा, वसतिगृह आणि शिक्षक यांना महत्त्व येते. माझ्या त्या विद्यार्थ्याला असे माणूस म्हणजे आजी होती. शाळेत कोणी नव्हते. मीही नव्हतो.

शरीराविषयी आणखी बोलले पाहिजे, कारण आपल्या चळवळीत ‘अनुवंश’ हा शब्द उच्चारला की मनू आठवतो. ते स्वाभाविक आहे, पण पुरेसे नाही. मेंदूत खोलवर बदामाएवढी एक गाठ असते, अ‍ॅमिग्डला. धोका ओळखण्यात तिचा मोठा वाटा. कपाळामागचा भाग तिला लगाम घालतो. हा लगाम जन्मतः तयार नसतो. विशी उलटेपर्यंत तो घडत राहतो. सतत भीतीत वाढणाऱ्या मुलाच्या शरीरात कॉर्टिसॉलसारख्या रसांची घडी विस्कटते आणि धोका नसतानाही गाठ पेटलेली राहते. रुमानियात अनाथालयांतील १३६ तान्ह्या मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. २००० साली हा प्रयोग सुरू झाला. जी मुले साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली ती नाती जोडण्यात इतरांच्या पुष्कळ पुढे गेली. माँट्रियलमध्ये २००४ साली उंदरांवर झालेल्या संशोधनात तर असे दिसले की जी आई पिल्लांना भरपूर चाटते तिची पिल्ले मोठेपणी शांत राहतात, आणि पिल्लांची अदलाबदल केली तर गुण जन्मदात्रीचा नव्हे, वाढविणारीचा येतो. इतकेच नव्हे, तर त्या चाटण्याच्या खुणा मेंदूतील एका जनुकावर रासायनिक रूपाने उमटतात. उंदरावरून माणसावर उडी मारू नये हे खरे. पण शरीर आणि समाज या दोन वेगळ्या कोठड्या आहेत ही समजूत यापुढे टिकणार नाही.

जुळ्यांचे व नातलगांचे अभ्यास सांगतात की अशा विकारांतील माणसामाणसांमधल्या फरकाचा जवळजवळ निम्मा भाग अनुवंशाशी निगडित आहे. या ‘निम्म्या’चा अर्थ नीट समजून घ्या, कारण उद्या हाच आकडा आपल्यावर फेकला जाईल. अमेरिकेत काळ्यांची बुद्धी अनुवंशानेच कमी असते असे म्हणणाऱ्यांना रिचर्ड लेवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञाने १९७० साली जे उत्तर दिले ते आपल्या रानातल्या भाषेत असे सांगता येईल. एकाच पोत्यातले ज्वारीचे बी दोन मुठी घ्या. एक मूठ काळ्या कसदार रानात पेरा, एक मुरमाड माळावर. एकाच रानातली ताटे जी लहानमोठी होतील ती बियांतील फरकामुळे होतील. परंतु काळ्या रानातले पीक आणि माळावरचे पीक यांत जो फरक पडेल तो संपूर्णपणे मातीचा असेल. एका रानातल्या फरकाचे कारण दोन रानांतल्या फरकाला लावणे ही साधी तर्कदुष्टता आहे. आणि तरीही ती केली जाते. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासातून २००२ मध्ये असा निष्कर्ष आला की एका जनुकाचा विशिष्ट प्रकार असलेल्या ज्या मुलांचा लहानपणी छळ झाला तीच विशेष करून समाजविघातक निघाली. जनुक तोच, पण छळ नाही, तर तसे झाले नाही. हा निष्कर्ष म्हणजे परिस्थितीच्या बाजूने दिलेली साक्षच होती. चार वर्षांत त्याच देशात तेच जनुक ‘योद्ध्याचे जनुक’ म्हणून माओरी लोकांच्या माथी मारले गेले! एकेका जनुकावर बेतलेले असे निष्कर्ष पुढच्या मोठ्या अभ्यासांत तितकेसे टिकले नाहीत हा भाग वेगळा.

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात वंशशुद्धीच्या युक्तिवादाचा समाचार घेतला तेव्हा त्यांनी अनुवंशशास्त्राला शिवी दिली नाही. त्यांनी विचारले, वंश सुधारण्यासाठी बेटीबंदी असेल तर रोटीबंदी कशासाठी? एकत्र जेवल्याने रक्त बिघडते काय? शास्त्राला घाबरून पळायचे नाही, त्याची उलटतपासणी घ्यायची, ही ती रीत.

उलटतपासणीचे एक उदाहरण देतो. बालपणीच्या आघातांचा सर्वांत गाजलेला अभ्यास १९९८ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे प्रसिद्ध झाला. मारझोड, अत्याचार, घरात दारू, तुरुंगात गेलेले माणूस असे प्रश्न हजारो प्रौढांना विचारून, आघात जितके अधिक तितके पुढचे आजार अधिक, हे त्याने दाखविले. काम मोलाचे आहे. पण त्यातील माणसे बहुतेक गोरी, विमा असलेली, मध्यमवर्गीय. आणि प्रश्न सगळे उंबरठ्याच्या आतले. वर्गात वेगळे बसविले का, पाणी वरून ओतले का, पोलिसांनी तुमच्या देखत बापाला मारले का, हे त्या प्रश्नावलीत नाही. आपल्याकडे ही उत्तरे प्रश्नावलीविनाच लिहिली गेली आहेत. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) आईबाप गेलेल्या पोराने आश्रितासारखे कसे वाढावे ते सांगते. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’त (१९८७) पोरांना मार सोसण्याचीच तालीम मिळते, पोलिसांपुढे तोंड उघडू नये म्हणून. भावना आवरण्याचे याहून कडक शिक्षण कोणत्या शाळेत मिळत असेल? आमचे समीक्षक या पुस्तकांत विद्रोह शोधतात, भाषा शोधतात. मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी ती अभ्यासक्रमात का लावली नाहीत, हे मला कळलेले नाही.

आणि हीच पुस्तके आपल्याही अंगणात बोट दाखवतात. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये आपल्याच वस्तीत सुनांचे काय हाल होत ते लपविले नाही. सभेत व्यवस्थेवर आग ओकणारा आणि घरी बायकापोरांवर तीच आग ओकणारा कार्यकर्ता मी पाहिला आहे. आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या हाताला व्यवस्था कारण आहे असे म्हणून आपण गप्प बसलो. कारण आहे, हे मान्य. पण त्याच्या पोराच्या मेंदूला कारण कळत नाही, हात कळतो.

राग आवरणे म्हणजे राग गिळणे नव्हे, हे मानसशास्त्राने १९९० नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखविले. भावना चेहऱ्यावर येऊ न देणाऱ्याचे शरीर आतून अधिकच ताणले जाते. जो घटनेचा अर्थच बदलून पाहतो त्याचे तसे होत नाही. जातिव्यवस्थेने आपल्या बापजाद्यांकडून पहिली गोष्ट करवून घेतली. मान खाली, नजर खाली, ‘जी मायबाप’. १९२७ साली महाडच्या तळ्यावर दुसरी गोष्ट घडली. ‘माझे नशीब’ याचा अर्थ त्या दिवशी ‘त्यांचा अन्याय’ असा झाला, आणि तो हजारो माणसांत एकदम झाला. मी त्या मुलाला ‘राग आवरायला शीक’ म्हणालो तेव्हा मी यांपैकी कोणती गोष्ट मागत होतो? प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिली.

गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. आपल्या राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा १९५९ साली आला आणि ठाण्यातली नोंद तशीच राहिली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असे कलम आहे की माणसाची सामाजिक स्थिती, किंवा रूढ नैतिक-सामाजिक मूल्यांशी न जुळणे, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येणार नाही. कार्टराइटला दिलेले उत्तरच ते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलीतील जातीवरची कामवाटणी आणि विमुक्तांना जन्मतः सराईत मानणारे उल्लेख रद्द केले. १८७१ पासून मोजले तर दीडशेहून अधिक वर्षे झाली.

तो मुलगा आठवीनंतर शाळेत आला नाही. आजी दाखला न्यायला आली. कारकून रजेवर होता म्हणून दाखला मीच लिहिला. जातीच्या रकान्यात जात लिहिली. ‘वर्तणूक’ या रकान्यात ‘बरी’ लिहा असे मुख्याध्यापकांनी सांगितले होते. मी ‘बरी’ लिहिले. आजीने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, ‘गुरुजी, ह्यात काय काय लिवलंय?’ मी तिला नाव आणि जन्मतारीख तेवढी वाचून दाखविली.